तेलीबांध्याहून राजीम : एका दिवसाची वाट

रायपूर शहराच्या पूर्वेस एक विस्तीर्ण तलाव आहे. त्याला आणि त्याच्या काठच्या वस्तीला तेलीबांधा असे म्हणतात. नावाचा अर्थ सरळ आहे : तेल्यांचा बांध. रायपूर हे तलावांचे गाव. बूढा तलाव, महाराजबंध, कंकाली, कटोरा तलाव ही त्या गावातल्या तलावांची नावे. त्यांतल्या एकाच्या पाठीशी महाराज आहेत, एकाच्या पाठीशी देवी आहे. तेलीबांध्याच्या पाठीशी मात्र घाण्यावर कष्टणारी एक जात उभी आहे. या तलावापासून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी पंचेचाळीस किलोमीटरांवरच्या राजीमला पोहोचतो, तेव्हा तेथेही एका तेलिणीचे नाव त्याच्या कानी पडते. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्याच अंतरावर ही दोन नावे आहेत. पण त्यांच्यामध्ये बाराशे वर्षांचा इतिहास पसरलेला आहे.

मराठी माणसाला हा मुलूख आठवतो तो नागपूरकर भोसल्यांच्या संबंधात. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांचा सेनानी भास्करराम कोल्हटकर याने रतनपूर घेतले. १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजींचे पुत्र बिंबाजी रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. तेथील रामटेकडीवरचे राममंदिर त्यांचेच. बिंबाजींच्या मागे मात्र सुभेदारांचा अंमल आला, आणि दूर नागपुराहून वसुलीपुरती आठवण ठेवणारे राज्य प्रजेला कसे वाटत असेल, याची कल्पना त्या काळाच्या वृत्तांतांवरून येते. १७९५ मध्ये कॅप्टन ब्लंट नावाचा इंग्रज प्रवासी या वाटेने गेला, त्या वेळी राजधानीचे रतनपूर उतरणीला लागले होते आणि रायपूर त्याच्याहून मोठे झाले होते. सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१८ मध्ये, इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलवले. १८३० मध्ये मुलूख पुन्हा भोसल्यांकडे आला आणि १८५४ मध्ये नागपूरच्या राज्याबरोबर तो खालसा झाला. पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूर होती, त्यानंतर भोपाळ झाली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले तेव्हा रायपूर स्वतःच राजधानी बनले. ज्या गावाने इतकी वर्षे दुसऱ्यांच्या राजधान्यांकडे डोळे लावले, त्याच्याकडे आता भोवतालची लहान गावे डोळे लावून बसू लागली.

या लहान गावांना रायपुराशी बांधणारा धागा लोखंडाचा होता. बंगाल-नागपूर रेल्वेने १९०० मध्ये रायपूर ते धमतरी असा अडीच फूट रुंदीचा छोटा लोहमार्ग सुरू केला आणि अभनपुराहून त्याची एक शाखा राजीमकडे नेली. त्या वर्षी छत्तीसगड भीषण दुष्काळाने होरपळत होते. धमतरीकडच्या अरण्यांतले लाकूड, लाख आणि शेतांतला तांदूळ मुख्य मार्गावर आणावा, हा कंपनीचा हेतू. परंतु मालासाठी बांधलेल्या वाटेने माणसेही चालू लागतात. रायपूर शहरातून निघालेली ती गाडी तेलीबांध्याला थांबे, आणि मग माना, भाटगाव, केंद्री, अभनपूर अशी रमतगमत पुढे जाई. शहरात नोकरीला, कचेरीच्या कामाला, शाळेला किंवा बाजाराला येणारा खेडूत तिनेच सकाळी येई आणि तिनेच घरी परते. रविवारी वा पर्वणीला उलट दिशेचा प्रवास चाले. एका दिवसाची सहल आखायची तर गाडीच्या वेळेकडे पाहून शिदोरी बांधावी, आणि परतीची गाडी चुकणार नाही इतक्या बेताने देवदर्शन उरकावे.

या वाटेवरची ठाणी लहान, पण त्यांची स्मृती लहान नाही. मान्याला १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची मोठी छावणी उभी राहिली. घरदार हरवलेली हजारो कुटुंबे येथे थांबली आणि त्यांतली कितीतरी पुढे दंडकारण्यातल्या वसाहतींकडे गेली. छोट्या गाडीच्या खिडकीतून आता भातशेते दिसत, आता तळी. आणि मध्येच, ज्यांना परतीची गाडीच उरली नव्हती अशा माणसांची ती वस्ती लागे.

राजीमची गाडी महानदीच्या अलीकडच्या तीरावर, नवापाऱ्याला थांबे. पलीकडे राजीम. येथे महानदीला पैरी आणि सोंढूर मिळतात, म्हणून छत्तीसगडचे लोक याला आपले प्रयाग मानतात. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत येथे जत्रा भरते. नदीच्या पात्रातच, उंच दगडी जोत्यावर, कुलेश्वर महादेवाचे देऊळ आहे. उन्हाळ्यात वाळू तुडवीत त्याच्यापर्यंत चालत जाता येते. पावसाळ्यात पाणी त्याला चहूबाजूंनी वेढते. तीरावर राजीवलोचनाचे, म्हणजे विष्णूचे, प्राचीन मंदिर आहे.

या मंदिरातल्या शिलालेखांचे वाचन ज्यांनी केले, त्यांत महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांचे नाव अग्रगण्य आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या आणि नागपुरास अध्यापन केलेल्या या पंडिताने कलचुरी राजांचे लेख संपादित केले. तो ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. येथला एक लेख नलवंशीय विलासतुंगाचा, सुमारे आठव्या शतकातला. दिवंगत पुत्राच्या पुण्यासाठी त्या राजाने विष्णूचे देऊळ उभारल्याचे तो सांगतो. दुसरा लेख कलचुरी संवत् ८९६ चा, म्हणजे इसवी सन ११४५ चा. रतनपूरच्या पृथ्वीदेवाचा मांडलिक जगपाल याचे पराक्रम आणि त्याने बांधलेले राममंदिर यांची हकीकत त्यात आहे. मराठ्यांची फौज या भूमीत आली ती खंडणी घेण्यासाठी; मिराशींसारखा विद्वान आला तो तिचे विसरलेले शब्द तिला परत देण्यासाठी.

तथापि राजांचे लेख काही म्हणोत, लोकांनी गावाचे श्रेय राजाला दिलेले नाही. लोककथा अशी की, राजीम नावाच्या एका तेलिणीला एक काळा पाषाण सापडला. तिने तो घरी आणला आणि तिच्या घरचे तेल सरेनासे झाले. राजा जगतपालाने देवळासाठी ती मूर्ती मागितली, तेव्हा तिने एकच अट घातली : देवाच्या नावाशी आपले नाव जोडले जावे. राजीव या शब्दापासून राजीम झाले, असे पंडित म्हणतील. आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. पण मंदिराच्या आवारातच राजीम तेलिणीचेही देऊळ आहे, आणि त्यातल्या शिळेवर घाणा व बैल कोरलेले आहेत. राजाच्या लेखात तेलिणीचा उल्लेख नाही. गावाच्या तोंडी मात्र तीच आहे. तुकोबांच्या अभंगांची वही लिहिणाऱ्या संताजी जगनाड्यांना मानणाऱ्या महाराष्ट्राला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

देवाजवळ कोणाला जागा मिळावी, हा प्रश्न राजीमला पुन्हा उभा राहिला तो विसाव्या शतकात. राजीमजवळच्या चमसूर गावचे पंडित सुंदरलाल शर्मा यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून चळवळ केली. १९३३ मध्ये छत्तीसगडला आलेल्या गांधीजींनी या कार्याचा गौरव केला. १९२० मध्ये धमतरीजवळच्या कंडेल गावी, कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून सरकारने शेतकऱ्यांवर दंड बसवला, तेव्हा झालेल्या सत्याग्रहात सुंदरलालांच्या जोडीला नारायणराव मेघावाले होते. ज्या वर्षी छोटी गाडी सुरू झाली त्याच १९०० साली मराठी मातृभाषेच्या माधवराव सप्रे यांनी ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक काढले. त्याचे प्रकाशक होते रायपूरचे वामनराव लाखे. पुढे याच सप्र्यांनी दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले. तलवारीने जिंकलेला मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. या माणसांनी जोडलेला मुलूख मात्र अजून तुटलेला नाही.

लोखंडाचा धागा मात्र तुटला. २०१७ मध्ये तेलीबांधा ते केंद्री हा छोट्या मार्गाचा भाग बंद झाला. रूळ उचलले गेले आणि त्या जागेवरून रुंद रस्ता गेला. तेलीबांध्याचा काठ आता संध्याकाळी दिव्यांनी उजळतो. फिरायला येणाऱ्यांतल्या मुलांना येथे रेल्वेचे ठाणे होते हे सांगावे लागते. २०२५ मध्ये रायपुराहून मंदिर हसौद आणि नव्या रायपूरवरून रुंद मार्गाची गाडी अभनपूरला, आणि त्याच वर्षी राजीमला पोहोचली. शांत गाव पुन्हा राजधानीच्या रोजच्या अंतरात आले. पण ही नवी गाडी तेलीबांध्याला शिवत नाही.

तेव्हा आज एका दिवसाची ही वाट आखणाऱ्याने रूळ नसलेल्या त्या ठाण्यापासूनच आरंभ करावा. सकाळी तलावाच्या काठी क्षणभर थांबावे, रस्त्याने माना-अभनपूर ओलांडावे, दुपारी राजीवलोचनाच्या मंडपात विलासतुंगाची अक्षरे पाहावीत. परतण्यापूर्वी मात्र तेलिणीच्या देवळातला तो घाणा पाहण्यास विसरू नये. ती शिळा पाहून संध्याकाळी जो तेलीबांध्याला परत येईल, त्याला त्या पाण्याचे नाव सकाळी वाटले होते तेवढे साधे वाटणार नाही.