वर्गातील अशिस्त आणि सकारात्मक उपाययोजना : एक ऐतिहासिक मागोवा (बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना : वर्गात गोंधळ घालणाऱ्या मुलास 'व्रात्य' ठरवून छडीच्या धाकाने वठणीवर आणणे, ही दीर्घकाळ शिस्तीची सर्वमान्य रीत होती. तिला पर्याय शोधणारी परंपराही शतकाहून जुनी आहे. प्रस्तुत लेखात तिचा मागोवा घेतला आहे.

पूर्वपीठिका : ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेंझो या कामगारवस्तीत मारिया माँटेसरी यांचे बालगृह सुरू झाले. आईवडील कामावर गेल्यावर मोकाट राहिलेली मुले इमारतीची नासधूस करीत. ती थांबावी, हा घरमालकांचा मूळ हेतू होता. हातांना उद्योग मिळताच तीच मुले एकाग्र झाली. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर स्थापून बालकेंद्री शिक्षणाची वाट प्रशस्त केली. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षकाचा शांततेचा पहिला प्रयोग मुलांच्या गोंगाटात बुडतो. मुले वश होतात ती पुढे गोष्टींमुळे.

महाराष्ट्रातील प्रयोग : गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ यांच्या साथीने हे कार्य पुढे कोसबाडला विस्तारले. तेथील वारली मुले गुरे राखण्यात गुंतल्याने शाळेत येत नसत. त्यांना दोष न देता 'कुरणशाळे'च्या रूपाने शाळाच गुरचराईच्या रानात नेण्यात आली. वर्तन बदलण्यापूर्वी परिस्थिती बदलावी, हे या प्रयोगाचे सूत्र होय.

बुलढाण्याचा संदर्भ : जिल्ह्यातील जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल, कोरकू, निहाल समाजांची वस्ती आहे. घरची बोली व पाठ्यपुस्तकाची मराठी यांत अंतर असल्यास, न समजणाऱ्या तासाला मूल चुळबुळ करणे स्वाभाविक आहे. त्यास उनाडपणा म्हटल्यास मूळ कारण झाकले जाते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली, तर कलम २९ ने भयमुक्त, कृतियुक्त अध्ययनाची अपेक्षा ठेवली. ती प्रत्यक्षात उतरविणे मात्र शिक्षकाच्याच हाती आहे.

निष्कर्ष : छडी वर्जिल्याने शिस्त आपोआप येत नाही. हातांना काम, कानांना गोष्ट आणि बोलीला वर्गात स्थान मिळावे लागते. एकाच शिक्षकावर अनेक वर्गांचा भार असेल, तेथे हे कठीण आहे. म्हणूनच अध्यापक महाविद्यालयांनी या परंपरेचा केवळ इतिहास न शिकविता तिचा सराव करवून घेणे अगत्याचे ठरते.