चीवराचा हिशेब

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात पहिल्या संगीतीच्या वृत्तांतास जोडून एक प्रसंग येतो. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर छन्न भिक्खूस ब्रह्मदंड सुनावण्यासाठी आयुष्मान आनंद कोसंबीस गेले. तेथे उदेन राजाच्या राण्यांनी त्यांचा उपदेश ऐकून पाचशे उत्तरासंग दान केले. राजास हे रुचले नाही. हा श्रमण आता कापडाचे दुकान थाटणार की काय, अशा शंकेने तो स्वतः आनंदांकडे गेला आणि इतक्या चीवरांचे काय करणार, असे विचारता झाला. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटून देऊ, असे आनंद म्हणाले. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरील आच्छादने होतील. जुन्या आच्छादनांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींच्या जमिनीवरील बिछायती, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झाडण्याची फडकी. आणि फडकीही फाटली म्हणजे ती कुटून, चिखलात कालवून जमीन सारवायची. राजा संतुष्ट झाला व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

हा प्रसंग काटकसरीचा दृष्टांत म्हणून सांगितला जातो. तो त्याहून अधिक आहे. प्रजेच्या श्रमातून आलेल्या संपत्तीचा हा हिशेब आहे, आणि तो मागण्याचा राजाचा अधिकार आनंदांनी मान्य केला आहे.

जपानने २००० साली व चीनने २००८ साली चक्रीय अर्थव्यवस्थेसंबंधी कायदे केले. भारतातही घनकचरा व प्लॅस्टिक यांविषयीचे २०१६ चे नियम त्याच दिशेचे होते. टाकाऊ वस्तू पुन्हा उत्पादनात आणावी, म्हणजे खाण, जंगल व पाणी यांवरील भार हलका होईल, हा त्यांमागील विचार. परंतु आनंदांनी सांगितलेला क्रम नीट पाहिला तर ते चक्र नाही, उतरण आहे. पायपुसण्याचे पुन्हा चीवर होत नाही. प्रत्येक पायरीवर वस्तूचा कस उतरतो, आणि शेवटी कापूस मातीस मिळतो. (प्लॅस्टिकला ही शेवटची पायरीच नाही.)

विनयकारांना हे ठाऊक होते असे मानावयास जागा आहे, कारण त्यांनी पहिला निर्बंध घातला तो घेण्यावर. निस्सग्गिय पाचित्तियांपैकी चौदाव्या नियमाने नवे आसन सहा वर्षे वापरणे बंधनकारक केले. आजारी भिक्खूस मात्र संघाच्या संमतीने सूट होती. पंधराव्याने बैठकीचे नवे आसन करताना जुन्याचा वीतभर तुकडा त्यात घालण्यास सांगितले. बाविसाव्यानुसार भिक्षापात्रास पाच सांधे पडण्यापूर्वी दुसरे घेता येत नाही. आळवीच्या भिक्खूंनी कुट्या बांधण्यासाठी इतकी याचना केली की लोक भिक्खू दिसताच वाट बदलू लागले. तेव्हा संघादिसेसाच्या सहाव्या नियमाने कुटीचे मापच ठरवून दिले. आजच्या कायद्यांत मात्र पुनर्वापराचा आग्रह जितका आढळतो तितका उपभोगाच्या मर्यादेचा आढळत नाही.

आणखी एक प्रश्न आहे, आणि आपल्या समाजास तो टाळता येणार नाही. जुने कोणी हाताळायचे? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी मृतांची वस्त्रे नेमून दिली आहेत. स्मशानातील चिंधी भिक्खूही उचलत असे. पण ते पांसुकूल त्याने स्वेच्छेने पत्करलेले होते, तो कोणत्याही कुळात जन्मलेला असो. चिंध्या धुणे, शिवणे, रंगवणे हे त्याचेच काम. चौथा निस्सग्गिय नियम तर नात्यात नसलेल्या भिक्खुनीकडून जुने चीवर धुऊन घेण्यासही दोष मानतो. आपले जुनेपण दुसऱ्याच्या अंगावर टाकू नये, असा त्याचा अर्थ मी करतो.

आपल्याकडे मात्र वस्तूंचा पुनर्वापर शतकानुशतके झाला तो जातीच्या आधारावर. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. त्यांच्यातूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने २००८ साली करार केला. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करून द्यायचा आणि तो नेण्याचे शुल्क घरमालकाने भरायचे, अशी त्यात व्यवस्था होती.