फुटबॉल सामने आणि मद्यार्करहित पेयपान

फुटबॉल सामन्याच्या दिवशी मद्याऐवजी मद्यार्करहित बिअर किंवा तत्सम पेय घेण्याची प्रथा, तिच्यामागचे कायदे आणि तिच्याविषयीची प्रेक्षकांची मते यांचा विचार या नोंदीत केला आहे. मुख्य संदर्भ ब्रिटनचा आहे. सामन्याआधी ठरलेल्या पबमध्ये जमणे, तिथून घोळक्याने स्टेडियमकडे चालत जाणे आणि सामना संपल्यावर पुन्हा तिथेच बसून खेळाची चर्चा करणे, हा तिथल्या फुटबॉल संस्कृतीचा जुना भाग आहे. ‘मद्यार्करहित’ या शब्दाची व्याप्ती देशानुसार बदलते. ब्रिटनच्या शासकीय मार्गदर्शनानुसार ०.०५ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेल्या पेयालाच हे नाव देता येते. युरोपातील अनेक देशांत ०.५ टक्क्यांपर्यंतचे पेयही मद्यार्करहित मानले जाते.

कायदे : १० मे १९८० रोजी ग्लासगो येथील हॅम्पडेन पार्कवर स्कॉटिश चषकाचा अंतिम सामना सेल्टिकने रेंजर्सविरुद्ध १–० असा जिंकला. त्यानंतर दोन्ही संघांचे समर्थक मैदानात उतरून एकमेकांना भिडले आणि घोडेस्वार पोलिसांना पाचारण करावे लागले. त्याच वर्षीच्या फौजदारी कायद्याने स्कॉटलंडच्या फुटबॉल मैदानांवर मद्यबंदी आली. इंग्लंड आणि वेल्ससाठी १९८५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. सामन्याच्या दोन तास आधीपासून सामन्यानंतर एक तासापर्यंत, जिथून मैदान दिसते अशा जागी मद्य बाळगणे त्याने गुन्हा ठरले. समर्थकांना नेणाऱ्या खास बस व रेल्वेगाड्यांतही मद्याला मनाई झाली. मात्र आसनांमागच्या बंदिस्त आवारात, मैदान दिसत नसेल तर, मद्यविक्री चालू राहिली.

इतर देशांनी वेगवेगळे मार्ग धरले. फ्रान्समध्ये १९९१ च्या एव्हँ कायद्यामुळे सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी मद्यविक्री बंद आहे. स्पेनमध्येही स्टेडियममध्ये मद्यविक्रीला मनाई असून तिथे ‘०,०’ बिअर सर्रास मिळते. जर्मनीत मात्र बिअर हा सामन्याचा नेहमीचा भाग आहे. केवळ धोक्याच्या मानल्या जाणाऱ्या सामन्यांत सौम्य किंवा मद्यार्करहित बिअर दिली जाते. ब्राझीलमध्ये स्टेडियममधील मद्यविक्रीवर निर्बंध होते. २०१४ च्या विश्वचषकासाठी फिफाच्या आग्रहामुळे ते शिथिल करावे लागले. कतारमध्ये उलट घडले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या विश्वचषकाला दोनच दिवस उरले असताना, स्टेडियमच्या परिसरातील बिअरविक्री रद्द झाली आणि प्रायोजक कंपनीची मद्यार्करहित बिअर तेवढी शिल्लक राहिली.

बंदीवरील आक्षेप : ब्रिटिश समर्थकांचा मुख्य आक्षेप पक्षपाताचा आहे. रग्बी आणि क्रिकेटचा प्रेक्षक हातात ग्लास घेऊन खेळ पाहतो. फुटबॉलच्या प्रेक्षकावर तेवढाही विश्वास ठेवला जात नाही. स्कॉटलंडमध्ये आतिथ्यकक्षाचे महाग तिकीट काढणाऱ्याला मद्य मिळते, साध्या आसनावरच्याला मिळत नाही, हीही तक्रार आहे. दुसरा आक्षेप परिणामांविषयी आहे. आसनावर पिता येत नसल्याने लोक पबमध्ये शेवटच्या क्षणापर्यंत थांबतात, प्रवेशद्वारांवर ऐन वेळी गर्दी होते आणि मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत रांगेत उभे राहून घाईघाईने ग्लास रिकामे केले जातात. इंग्लंडमधील २०२१ च्या ट्रेसी क्राउच समितीने याच युक्तिवादाची दखल घेऊन खालच्या स्तरांवरील सामन्यांत मर्यादित प्रयोग करण्याची शिफारस केली. कतारबाबतही ‘फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन’ या इंग्लंड-वेल्समधील संघटनेने बिअरपेक्षा निर्णयाच्या वेळेवर आणि आयोजकांच्या विश्वासार्हतेवर बोट ठेवले.

मद्यार्करहित पर्यायाची बाजू : लहान मुलांसह येणारी कुटुंबे, अनेक महिला, मुस्लिम प्रेक्षक आणि व्यसनातून बाहेर पडलेले लोक यांना मद्याविना वातावरण अधिक मोकळे वाटते. कतारमध्ये काही इंग्रज महिला समर्थकांनी तसा अनुभव सांगितला होता. परगावच्या सामन्याला गाडी चालवत जाणाऱ्यांसाठी तर हा कायद्याचाच प्रश्न असतो. डिसेंबर २०१४ पासून स्कॉटलंडमध्ये चालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे. इंग्लंडमध्ये ती ८० आहे. खेळाडूंच्या जाहीर कबुलीनेही दृष्टिकोन बदलला. आर्सेनलचा कर्णधार टोनी ॲडम्स याने १९९६ मध्ये आपले मद्यव्यसन उघड केले आणि पुढे खेळाडूंसाठी ‘स्पोर्टिंग चान्स’ हे उपचारकेंद्र उभारले.

मद्यार्करहित पर्याय निवडणाऱ्यांच्या तक्रारी मात्र वेगळ्या आहेत. मद्यार्करहित बिअर नळातून न मिळता बाटलीत किंवा डब्यातच मिळते, तिची किंमत नेहमीच्या बिअरच्या जवळपास असते आणि बऱ्याच काउंटरवर गोड शीतपेयांपलीकडे पर्याय नसतो. पबमध्ये न पिणाऱ्याला पूर्वी ऐकावी लागणारी चेष्टा कमी झाली आहे. हातात तसाच ग्लास असल्याने तो घोळक्यात वेगळा पडत नाही.

व्यापारी बाजू : मद्यकंपन्यांना या पेयांमुळे दुहेरी लाभ होतो. जिथे मद्यविक्री किंवा मद्याची जाहिरात चालत नाही, तिथेही त्यांचे बोधचिन्ह पोहोचते. यावर आक्षेप येतात ते याच कारणाने. जून २०२१ मध्ये युरो स्पर्धेतील पत्रकार परिषदेत मुस्लिम धर्मीय फ्रेंच खेळाडू पॉल पोग्बा याने समोरची बिअरची बाटली बाजूला ठेवली. ती मद्यार्करहित होती. २०२४–२५ हंगामापासून गिनेस ही प्रीमियर लीगची अधिकृत बिअर झाली, तेव्हा तिच्या मद्यार्करहित प्रकारालाही स्वतंत्र अधिकृत दर्जा मिळाला.

सद्यःस्थिती : समर्थकांमधील दोन्ही बाजूंचा विरोध मुख्यतः सक्तीला आहे. बंदी नको म्हणणारे मद्यार्करहित पेयांच्या विरोधात नाहीत आणि ती पेये मागणाऱ्यांपैकी अनेकांना सरसकट बंदी नको आहे. इंग्लंडमध्ये महिलांच्या सामन्यांना १९८५ चा कायदा लागू नाही. त्यामुळे २०२४–२५ हंगामाच्या उत्तरार्धात दुसऱ्या स्तरावरील बर्मिंगहॅम सिटी, ब्रिस्टल सिटी, न्यूकॅसल युनायटेड आणि साउदॅम्प्टन या संघांच्या मैदानांवर आसनावर बसून मद्य पिण्याची परवानगी प्रायोगिक तत्त्वावर देण्यात आली. पुरुषांच्या वरच्या पाच स्तरांवर १९८५ चीच तरतूद लागू आहे.