आधी कोणाला?

संकटात शंभर माणसे एकदम दारी आली, तर आधी कोणाला हात लावायचा? नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारी याने उत्तर दिले: हुद्दा पाहू नका, ज्याची जखम जिवावरची, तो पहिला.

१८९७ च्या प्लेगात चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या आपल्याला आठवतात. त्याच साथीत रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले १० मार्चला वारल्या, हे आपण सहज विसरतो. ज्याला कोणी शिवेना, त्याला त्यांनी आधी उचलले.

पुढे पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला आणि १९५५ पासून औषध निघू लागले. कारखाने चाकणपर्यंत पसरले. पण पेनिसिलिनला न जुमानणारा एक रोग उरलाच: दारूचे व्यसन. त्यासाठी डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभारले.

सुटलेली दारू पुन्हा धरून कामगार परत येतो, तेव्हा ‘याला कितीदा घ्यायचे?’ असे आपण म्हणतो. परंतु दारू एकाएकी तुटली की हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणही जातो. परिचारिकेने त्याची नाडी मोजावी, चुका मोजू नयेत. लारीचा नियम इथेही तोच आहे.