औषध थांबवावें कीं चालूं ठेवावें?

औषध केव्हां सुरू करावें याविषयीं वैद्यशास्त्राचे ग्रंथ भरलेले आहेत. तें केव्हां थांबवावें याविषयीं मात्र त्यांत फार थोडीं पानें सांपडतात. ज्वर उतरला कीं काढा बंद होतो, जखम भरली कीं पट्टी सुटते. परंतु जो रोग वर्षानुवर्षें दबा धरून बसतो आणि ज्याचें औषधहि वर्षानुवर्षें घ्यावें लागतें, त्याच्या बाबतींत हा प्रश्न इतका सोपा राहत नाहीं. मल्टिपल स्क्लेरॉसिस हा अशा रोगांपैकीं एक. उत्तर युरोप व उत्तर अमेरिका येथें तो पुष्कळ आढळतो. भारतांत त्या मानानें विरळ, तथापि अपरिचित नव्हे. तरुणपणीं जडलेल्या या रोगाच्या व त्याच्या औषधाच्या सोबतीनें ज्यांनीं वीस-पंचवीस वर्षें काढलीं, त्यांपैकीं पुष्कळजण आतां साठीच्या घरांत आले आहेत. ‘इतकीं वर्षें झटका आला नाहीं, मग हें औषध आतां पुरे नाहीं का?’ असें ते विचारूं लागले आहेत. या साध्या दिसणाऱ्या प्रश्नामागें दोनशें वर्षांचा इतिहास उभा आहे.

या रोगांत शरीराचें रक्षण करणाऱ्या पेशीच घरभेदी होतात. मेंदू व पृष्ठरज्जु यांतील मज्जातंतूंभोंवतीं मायलिन नांवाचें वेष्टण असतें; त्यावर त्या हल्ला करतात. विजेच्या तारेवरील आवरण कुरतडलें गेलें म्हणजे प्रवाहांत जसा बिघाड होतो, तसे मेंदूचे संदेश वाटेंत अडखळतात. कोणाची दृष्टि अंधुक होते, कोणाचा पाय जड पडतो, कोणाचा तोल जातो. बहुतेकांच्या बाबतींत रोगाचा आरंभ अशा झटक्यांनीं होतो, आणि विशेष हें कीं, झटका पुष्कळदां आपण होऊन ओसरतो. या एका लक्षणानें वैद्यांना आजवर जितकें चकविलें, तितकें दुसऱ्या कशानेंहि नसेल.

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्टे याची रोजनिशी याची साक्ष देते. 1822 सालीं एका स्नेह्याच्या अंत्यविधीनंतर त्याची दृष्टि एकाएकीं मंदावली. पत्रें वाचावयालासुद्धां दुसरा माणूस लागूं लागला. पुढें कांहीं उपचार न करतां ती पूर्ववत् झाली. नंतरच्या वर्षांत झटके परत परत आले, पाय दुबळे झाले, आणि उपचारांना सीमा राहिली नाहीं. कोणी रक्त काढविलें, कोणी भरपूर मांसाहार व मद्य सांगितलें, कोणी अंगमर्दन, कोणी खनिज जलाचें स्नान. प्रत्येक उपायानंतर थोडें बरें वाटे, आणि श्रेय त्या उपायाला मिळे. 1848 सालीं तो मृत्यु पावला, तेव्हां त्याच्या रोगाला नांवहि नव्हतें. त्याची हकीकत ग्रंथरूपानें प्रसिद्ध व्हावयाला पुढें शंभर वर्षें, म्हणजे 1948 साल, उजाडावें लागलें.

रोगाला स्वतंत्र रूप दिलें तें पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांतील झाँ-मार्तें शार्को यानें. 1868 सालच्या व्याख्यानांत त्यानें रोग्याचीं जिवंतपणींचीं लक्षणें व मृत्यूनंतर मेंदूंत आढळणारे कठीण चट्टे यांची सांगड घातली. निदान झालें, उपाय मात्र सांपडला नाहीं. शार्कोनें सोन्याचांदीचे क्षार देऊन पाहिले, स्ट्रिक्निन देऊन पाहिलें; गुण आला नाहीं. पुढचीं सव्वाशें वर्षें रोगाचा क्रमच बदलेल असें औषध हातीं आलें नाहीं.

1957 सालीं लंडनमध्यें आयझॅक्स व लिंडेनमान यांनीं इंटरफेरॉन हें द्रव्य शोधलें. त्याचाच एक प्रकार, इंटरफेरॉन बीटा, 1993 सालीं अमेरिकेंत या रोगावर मान्य झाला. 372 रोग्यांवरील प्रयोगांत त्यानें झटक्यांचें प्रमाण सुमारें एक तृतीयांशानें घटविलें होतें. 1996 सालीं ग्लाटिरामर आलें, 2004 सालीं नाटालिझुमाब, 2010 सालीं फिंगोलिमोड हें तोंडानें घ्यावयाचें औषध. एका पिढींत वैद्याच्या रित्या हातांत शस्त्रांचा भाता आला. परंतु इंटरफेरॉनच्या त्या पहिल्या प्रयोगांतील रोगी 18 ते 50 वर्षांचे होते, आणि पुढच्या बहुतेक प्रयोगांतहि वयाची मर्यादा पन्नास-पंचावन्नच्या आसपासच राहिली. औषध तरुणांवर पारखलें गेलें. नंतर तेच तरुण तें घेतां घेतां वृद्ध झाले. त्यांच्यासाठीं शास्त्राजवळ सूचना नव्हती.

वयाबरोबर रोगाचें रूप पालटतें. शरीराची संरक्षक शक्ति मंदावते, तसे झटके व मेंदूंतील नवे चट्टे कमी होतात. उलट शक्तीचा हळूहळू होणारा ऱ्हास पुढें येतो. आजचीं औषधें मुख्यतः झटक्यांना आवरतात; त्या संथ ऱ्हासावर त्यांची सत्ता फार थोडी. 2017 सालीं 38 प्रयोगांतील 28,000 हून अधिक रोग्यांची माहिती एकत्र पडताळली, तेव्हां गणितानें असें दर्शविलें कीं, अपंगत्व रोखण्याचा औषधांचा गुण वयाबरोबर घटत जातो आणि सुमारें 53 व्या वर्षीं सरासरीनें शून्यावर येतो. ही सरासरी होय, प्रत्येक व्यक्तीचें भविष्य नव्हे. दुसऱ्या पारड्यांत टोंचून टोंचून निबर झालेली त्वचा आहे, औषधाचा खर्च आहे, आणि संरक्षक शक्ति दडपणाऱ्या औषधांमुळें उतारवयांत वाढणारें संसर्गाचें भय आहे. नाटालिझुमाबमुळें कांहीं रोग्यांना मेंदूचा एक घातक संसर्ग झाला, म्हणून 2005 सालीं तें बाजारांतून काढून घ्यावें लागलें होतें. 2006 सालीं तें कडक देखरेखीखालीं परत आलें.

मग थांबवावें कां नाहीं? येथें डेस्टेच्या रोजनिशींतील कोडें उलट्या अंगानें पुढें येतें. रोग दहा वर्षें शांत आहे, तो औषधानें कीं वयानें? औषध बंद केल्यावर झटका आला, तर तो बंद केल्यामुळें आला कीं येणारच होता? एका रोग्याकडे पाहून याचें उत्तर मिळत नाहीं. तें मिळविण्यासाठीं अमेरिकेंतील 19 केंद्रांत ‘डिस्कॉम्स’ नांवाचा प्रयोग झाला व त्याचा निष्कर्ष 2023 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत 55 वर्षांवरील 259 रोगी होते; पांच वर्षें झटका नाहीं व तीन वर्षें नवा चट्टा नाहीं, अशांचीच निवड झाली होती. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांचे दोन गट पाडले. दोन वर्षांत, औषध चालूं ठेवलेल्या 128 पैकीं 6 जणांत रोगानें पुन्हां डोकें वर काढलें. थांबविलेल्या 131 पैकीं 16 जणांत. बहुतेकांच्या बाबतींत हें केवळ एमआरआय प्रतिमेंतील नव्या चट्ट्यांवरून कळलें; प्रत्यक्ष झटके दोन्ही गटांत मोजकेच होते. थांबविणें हें चालूं ठेवण्याइतकेंच निर्धास्त आहे असें सिद्ध झालें नाहीं. थांबविलेल्यांपैकीं बहुतेकांना कांहीं झालें नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

नेदरलँड्समधील ‘डॉट-एमएस’ प्रयोगाची कथा अधिक सावध करणारी आहे. तेथें वयाची अट सैल असून तरुणांनाहि प्रवेश होता. औषध थांबविलेल्या 45 जणांपैकीं 8 जणांत रोग पुन्हां जागा झाला, चालूं ठेवलेल्या 44 पैकीं एकांतहि नाहीं. म्हणून प्रयोग मुदतीपूर्वींच आवरता घेण्यांत आला. त्याची हकीकत 2024 च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. नाटालिझुमाब व फिंगोलिमोड यांची तर गोष्टच निराळी. तीं एकाएकीं सोडल्यास रोग पूर्वींपेक्षांहि जोरानें उसळूं शकतो.

तेव्हां सर्वांना लागू पडेल असें एक वय, एक तारीख शास्त्राला अद्याप सांगतां येत नाहीं. विचारावयाचे प्रश्न मात्र त्यानें स्पष्ट केले आहेत: वय किती, शेवटचा झटका केव्हांचा, प्रतिमेंत नवें कांहीं दिसतें का, औषध कोणतें, आणि त्याचा त्रास किती. थांबविणें हेंहि एक उपचारच आहे; तो तज्ज्ञाच्या सल्ल्यानें, आधीं व नंतर प्रतिमा घेऊन आणि गरज पडल्यास परत फिरण्याची तयारी ठेवूनच करावयाचा. परस्पर सुई बाजूला टाकणें हा त्याचा मार्ग नव्हे. आणि उरलेला एक प्रश्न रोग्यानें स्वतःलाच विचारावयाचा असतो: रोजच्या औषधाचा जाच अधिक सोसवेल, कीं एखाद्या नव्या झटक्याचें भय? साठीच्या दोन माणसांचीं याचीं उत्तरें निराळीं असूं शकतील, आणि दोन्हीहि बरोबर असूं शकतील. डेस्टेला वैद्य सांगतील तें करण्यावांचून गत्यंतर नव्हतें. आजच्या रोग्यासमोर निदान आंकडे आहेत, आणि ते समोर ठेवून निवड करण्याचा अधिकार आहे.