पुनःसंकोच (हृदयरोहिणीचा)
फुग्याने रुंद केलेली हृदयाची रोहिणी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होणे. वैद्यकातील नाव रेस्टेनोसिस. आंद्रेआस ग्रुन्टसिग यांनी सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिच येथे हृदयरोहिणीची पहिली बलून अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने रोहिणी रुंद करण्याची क्रिया, केली. फुगा रोहिणी अरुंद करणारा चरबीचा थर विरघळवत नाही. तो थर तडकवतो आणि भिंत ताणतो. म्हणजे उपचार हीच एक जखम असते. ताणलेली भिंत रबरासारखी काही प्रमाणात लगेच आखडते. उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर बिंबाणू चिकटतात, भिंतीच्या मधल्या थरातील स्नायुपेशी आत सरकून वाढतात आणि व्रणासारखी ऊती तयार होते. पुढे सगळी नळीच बाहेरून आकसते. या आकसण्याचा वाटा बराच मोठा आहे, हे उशिरा उमगले. केवळ फुगा वापरल्यास साधारण ३० ते ४० टक्के रुग्णांत सहा महिन्यांत हा प्रकार घडे. १९८६ पासून आलेल्या धातूच्या स्टेंटने (रोहिणीत बसवायच्या जाळीदार नळीने) आखडणे रोखले, पण पेशींची वाढ नव्हे. ती सिरोलिमससारखे औषध पाझरणाऱ्या स्टेंटने बरीच आटोक्यात आणली. ग्रुन्टसिग यांच्या पहिल्या रुग्णाची रोहिणी मात्र स्टेंटविनाही दहा वर्षांनंतरच्या तपासणीत मोकळी आढळली.