चेताजाल : आकृतिबंध व स्मृती

चेतापेशींच्या जाळ्यात आठवण कशी टिकते आणि सक्रियतेचे आकृतिबंध कसे उमटतात, हे सांगणारी गणिती प्रतिमाने. त्यांतील सर्वांत प्रभावी प्रतिमान जॉन हॉपफील्ड यांनी १९८२ मध्ये मांडले. त्यात प्रत्येक पेशीच्या दोनच अवस्था : +१ किंवा −१. साठवायच्या नमुन्यांत दोन पेशी बहुधा एकाच अवस्थेत असतील तर त्यांची जोडणी धन, नाहीतर ऋण. याचे मूळ डोनल्ड हेब यांच्या १९४९ च्या विचारात आहे. जोडण्या दोन्ही दिशांनी सारख्या असल्याने, पेशी एकेक करून बदलत गेल्या की जाळ्याची ‘ऊर्जा’ कधीच वाढत नाही. ते जिथे स्थिरावते ती स्थिती म्हणजे स्मृती. अमरावतीत पावसाने निम्मी पुसलेली दुकानाची पाटी आपण वाचतो, तसे हे जाळे अर्धवट अक्षरावरून पूर्ण अक्षर उभे करते. १० × १० ठिपक्यांच्या चौकटीला १०० पेशी लागतात. नमुने यादृच्छिक असतील तर त्यांत सुमारे १४ मावतात, म्हणजे पेशीसंख्येच्या ०.१३८ पट. ‘ब’ आणि ‘व’ यांसारखी जवळची अक्षरे मात्र एकमेकांत मिसळतात. हा या प्रतिमानाचा खरा दोष.

आकृतिबंधांचा धागा ॲलन ट्युरिंग यांच्या आकृतिबंधनिर्मितीवरील १९५२ च्या लेखापर्यंत जातो. शुनइची आमारी यांच्या प्रतिमानात (१९७७) जवळच्या पेशी एकमेकींना चेतवतात, दूरच्या दाबतात. त्यामुळे सक्रियतेचा उंचवटा उद्दीपन संपल्यावरही टिकतो.

पुण्याच्या आयसरमध्ये सुहिता नाडकर्णी यांचा गट चेतासंधींची, म्हणजे पेशींमधील जोडण्यांची, गणिती प्रतिमाने अभ्यासतो. हॉपफील्ड यांना जेफ्री हिंटन यांच्यासह २०२४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.